कोपऱ्यातली छत्री

आनोमाबो,
शुक्रवार

प्रिय एबोदादांना आराबाचा नमस्कार.

हे पत्र हातात पडेल तेव्हा तुमची तब्येत, तुमचं जहाज आणि जहाजाचं इंजिन, तिन्ही ठणठणीत असोत. इकडे सगळं ठीक आहे. बाबा गेले, ते सोडून.

तुम्ही अंत्यविधी मोबाईलवर पाहिलात, असं तुमच्या आई (म्हणजे आमची एसीआत्या) सांगत होत्या. मोबाईल माझ्या मावसभावाच्या हातात होता, त्यामुळे तुम्हाला बहुतेक वेळ त्याचा अंगठा आणि थोडं आभाळ दिसलं असेल. आभाळ छान होतं. बाकीचं मी कळवते, कारण मामाच्या अंत्यविधीत काय झालं हे भाच्याला माहीत असलेलं बरं.

आपल्या फांटी लोकांत कूळ आईकडून चालतं हे तुम्हाला सांगायला नको, त्याच नियमानं घर तुमच्याकडे येतं. मामाचं ते भाच्याचं. आम्ही बाबांची मुलं, म्हणजे बाबांच्या कुळाचे कुणीच नव्हे. फक्त शवपेटी मुलांनी आणायची असते, तेवढ्यापुरतं कुळाला आमचं नातं आठवतं. पेटी आम्ही आणली. कुळाचे प्रमुख एसुमानआजोबा (बाबांचे मामा, तेव्हा तुमचेही आजोबाच) यांनी ती बोटानं वाजवून पाहिली आणि म्हणाले, "लाकूड बरं आहे. कड्या हलक्या आहेत." (नारळ घेतानाही ते असंच वाजवतात.) शाळेत गणित शिकवताना बाबांनी जन्मात कधी वर्गाला मिनिटभर ताटकळत ठेवलं नाही. त्यांना स्वतःला मात्र कुळाच्या बैठका संपेपर्यंत शवागाराच्या थंडीत वाट पाहावी लागली. बैठका पेटीवर नव्हत्या, आईवर होत्या. शेवटच्या बैठकीत आजोबांनी निकाल दिला, की विधवा शनिवारी मांडवात जिथं बसेल, त्यावरून पुढं ती त्या घरात राहणार की नाही ते सगळ्यांना कळेल. ज्या घराच्या विटा आईनं स्वतः डोक्यावरून चढावर वाहिल्या, त्याच घराबद्दल ते बोलत होते.

शनिवारी सकाळी मांडववाला एक मोठा चौकोनी मांडव आणि छताच्या, त्याच लांबीच्या सहा अरुंद पट्ट्या घेऊन आला. आजोबांनी काठीनं आखणी केली: चौकोन कुळाचा, आणि सहाही पट्ट्या उजव्या बाजूला, एकापुढं एक. आईची खुर्ची सहावीत. सहावी पट्टी गटार ओलांडून थेट दळणाच्या गिरणीला टेकत होती. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. मला क्ष वर्ग अधिक सहा क्ष अधिक पाच आठवलं.

तुम्हालाही आठवत असेल, कारण तुम्हालाही आमच्याच अंगणात बसवून शिकवलं होतं. बाबा म्हणायचे, ही राशी अशी लिहिली की कुळाच्या बैठकीसारखी असते, सगळे हजर पण म्हणणं काय ते कळत नाही. मग ते खडूनं क्ष बाजूचा चौरस काढायचे. सहा पट्ट्या एकाच बाजूला लावल्या तर नुसतं लांबट ध्यान होतं. तीन उजवीकडे आणि तीन खाली लावल्या की चौरस जवळजवळ होतो, आणि एक कोपरा रिकामा राहतो. तीन त्रिक नऊ. नऊ घाला, चौरस पुरा करा, आणि घातलेले नऊ लगेच वजा करा, कारण फुकट काही मिळत नसतं. (तुम्ही घालायचात आणि वजा करायला विसरायचात. "माझा भाचा घ्यायला पटकन शिकला," असं बाबा कौतुकानं सांगायचे.) उरतं क्ष अधिक तीनचा वर्ग, वजा चार. वर्ग काही शून्याच्या खाली जात नाही, म्हणून क्ष उणे तीन असताना वक्र सगळ्यात खाली, उणे चारवर, आणि तिथून दोन्हीकडे सारखा चढतो. जे मघाशी लपलं होतं ते टोक आता उघड दिसतं. "टोक सापडलं की वक्र सापडला," म्हणून ते हात झटकायचे आणि खडू सगळा आईच्या धुतलेल्या कपड्यांवर.

तर मी कुळासमोर जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आजोबा, तीन उजवीकडे लावू आणि तीन खाली. म्हणजे सगळे जवळ येतील."

"अरे वा, मास्तरांची पोरगी बोलली! आम्हाला वाटलं मुकीच आहे."

"मुकी नाही," एसीआत्या म्हणाली, "मामा, तुम्ही श्वास घ्यायला थांबायची वाट बघत होती."

माझ्या बोलण्याचा परिणाम झाला असं समजू नका. गटारात खांब उभा राहत नाही, म्हणून मांडववाल्याला ते पटलं. पट्ट्या लागल्या, आणि बाबांच्या आकृतीत राहायचा तसाच एक कोपरा उघडा राहिला, रस्त्याच्या अंगाला, भर उन्हात. तो पाहून आजोबांचा चेहरा उजळला.

"विधवेला तिथं बसवा. धड कुळाची नाही, धड पाहुणी नाही. देवानं जागा तिच्यासाठीच ठेवलीय."

 आईनं आपली खुर्ची उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली. सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत ऊन कसं लागतं ते तुम्हाला इंजिनाच्या खोलीत थोडंफार कळत असेल.

तेवढ्यात बाइसिवा आली. बाजारात धुरावलेले मासे विकते ती. शाळेत बाबांनी तिला याच धड्यात दरवर्षी नापास केलं होतं. तिच्या डोक्यावर तिची दुकानाची छत्री होती, ती मोठी, चौकोनी, टोमॅटोच्या डब्याची जाहिरात असलेली. तिनं दांडा कोपऱ्यात रोवला, छत्री उघडली, आणि ती दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना नेमकी भिडली. मग बाबांच्या पेटीकडे तोंड करून जरा मोठ्यानंच म्हणाली, "सर, बाइसिवा कोपरा भर, बाइसिवा कोपरा भर, करत होता ना? भरला. आता तरी पास करा!"

आजोबा ताडकन उठले. समारंभात मोठ्या छत्रीखाली कोण बसतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. "राणी आहे का ती?"

"नाही, टोमॅटो आहे," एसीआत्या म्हणाली. "वर लिहिलंय, वाचा."

पुढं जे झालं त्याचं श्रेय सर्वस्वी एसुमानआजोबांचं. आलेल्या माणसानं उजव्या टोकापासून सुरुवात करून बसलेल्या प्रत्येकाला ओळीनं हात देत डावीकडे जायचं, ही रीत त्यांनीच आम्हाला लहानपणी कान पिळून शिकवली आहे. आणि रस्त्यावरून येणाऱ्याचं उजवं टोक म्हणजे तो कोपरा. धर्मगुरू आले, त्यांनी पहिला हात आईला दिला. कोळ्यांचे प्रमुख आले, पहिला हात आईला. मॅनकेसिमहून आलेल्या मंडळींनी तर लांबून छत्री पाहून, राणीपुढं करतात तसं, चपला काढल्या, खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं आणि तिच्यापुढं वाकले. (जाहिरात त्यांच्या बाजूला नव्हती.) जो तो आपलं सगळं दुःख तिथंच बोलून मोकळा होत होता. आजोबांपर्यंत पोचेतो लोकांकडे बोटांची टोकं तेवढी उरत होती. आई प्रत्येकाला फक्त "आलात, बरं झालं" म्हणत होती. मी पट्टीखाली बसून पाहत होते. टोक सापडलं होतं, आणि ज्यांना दाखवायचं ते बाबा पेटीत.

रविवारी प्रार्थनेनंतर आजोबांनी कुळाला पुन्हा जमवलं आणि म्हणाले, "मास्तरांचाच नियम आहे. कोपऱ्यात घातलं, तेवढं वजा करायचं. शनिवारी मान दिला, आता घर काढून घेऊ. वारस येईपर्यंत किल्ली माझ्याकडे." इतकं मन लावून ऐकणारा विद्यार्थी बाबांना शाळेत कधी मिळाला नव्हता.

अंगणात बाबांनी काढलेला शेवटचा चौरस अजून पुसट दिसतो. झाडताना आई त्याला वळसा घालते. 

तुम्ही कामात असता, तेव्हा तुमच्याकडे काही मागावं म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. केवळ खुशाली कळावी. बंदरात उतराल तिथं केंकी मिळणार नाही, पण जेवण टाळू नका.

तुमची मामेबहीण,
आराबा

ता. क. : मागायचं एवढंच आहे, की एसुमानआजोबांना स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहा : घर माझं, आणि मामी त्यातच राहणार. वजाबाकी करायचीच असेल तर ती कुठून करायची हे वारसानं ठरवावं. माझ्या मते मोठ्या चौकोनातून, जिथं आजोबा बसले होते तिथून. एकदा तरी वजा करायला विसरू नका.

दुसरा ता. क. : लिहायला सवड झाली नाही तरी चालेल. पत्र टाकायला निघाले तर दाराला नवं कुलूप. आईनं बसवून घेतलं, मला न सांगता. किल्ली तिच्या कमरेला आहे. बाइसिवा छत्री परत नेत नाही, म्हणून ती ओट्यावर उघडून ठेवली आहे आणि आई तिच्याखाली बसलेली असते. आजोबा किल्ली मागायला आले होते. सवयीनं उजवीकडून आले, आधी तिलाच हात द्यावा लागला. ती "आलात, बरं झालं" म्हणाली आणि तो हात तिनं बराच वेळ सोडला नाही. किल्लीचा विषय न काढताच ते गेले.

तुम्ही आलात तर तुम्हीही उजवीकडूनच या.