तपासणीच्या सकाळचं काजळ

माय,

त्या काजळाबद्दल तुझ्याशी एकदा नीट बोलायचं राहून गेलं. तू होतीस तेव्हा मी भांडले, आणि तू गेल्यावर चारचौघांत तुझी आठवण काढून डोळे पुसले. दोन्ही सोपं होतं. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले आहे. मला रागवायला आता घरात मोठं माणूस उरलेलं नाही, तेव्हा म्हटलं, आपणच आपल्याला रागवून घ्यावं.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती, आपला भाग अजून मध्य प्रदेशात होता, आणि तुझे जावई वर्ध्याच्या शाळेत गणित शिकवत होते. आफ्रिकेत आपल्या लोकांची एक शाळा होती, तिला गणिताचा मास्तर हवा होता. यांनी अर्ज केला हेच मला नोकरीचं पत्र आल्यावर कळलं. मी चुलीपुढे भाकर थापत होते. हे दारात उभे राहून म्हणाले, "सामानाचं पाह्य आता. चार महिन्यांनी बोट आहे." जणू केळझरच्या गणपतीला जाऊन संध्याकाळी परत यायचं होतं. मी "बरं" म्हटलं. लोक मला फटकळ म्हणतात, आणि ते खोटं नाही, पण माझं फटकळपण भाजीवाली आणि तू, एवढ्या दोघींपुरतंच होतं. यांच्यापुढे माझी जीभ टाळूला चिकटायची. त्या दिवशीची भाकर तव्यावर करपली आणि मी ती स्वतःच खाल्ली.

महिनाभरात तू वडनेरहून आमच्या नालवाडीच्या दोन खोल्यांत राहायला आलीस. शेत बटाईला देऊन आलीस, ज्वारीचं पीठ, शेवया, मूगवड्या, तिखट, सगळं डोक्यावर घेऊन. थोरला आठ वर्षांचा, मधली पाचाची, धाकटा अजून रांगत होता. पासपोर्टच्या चौकशीला शिपाई आला तर तू हात जोडून पुढे झालीस. "आमचे जावई गरीब मानूस हायेत, बापू. त्याइनं काई केलं नाई." तो बिचारा हसून चहा पिऊन गेला. यांना तुझ्या प्रश्नांचा कंटाळा येई, पण तू सोडत नव्हतीस. "तिकडं ज्वारी पेरते काय?" हे म्हणाले, मका पेरतात. "मंग लेकरं काय खातीन?" हे म्हणाले, मका खातील. त्यावर तू मुकाट्यानं आणखी एक पायली ज्वारी दळून आणलीस.

लेकरं खुशीत होती. बाजारातून दोन लोखंडी पेट्या आणल्या होत्या, त्यांवर यांनी पांढऱ्या रंगानं आपलं नाव आणि बंदराचं नाव घातलं होतं. मी कपडे घडी करून ठेवते आहे आणि मधली ते बाहेर काढून स्वतः आत बसते आहे. "हलवू नको वं, मी बोटीत हाओ." जेवायलासुद्धा ती पेटीतून निघत नाही, तू तिला तिथेच भरवते आहेस, आणि थोरला काठीनं वल्हवतो आहे. तेव्हा लेकरं आईच्याच पासपोर्टावर असत, म्हणून स्टुडिओत जाऊन मी तिघांना घेऊन एकच फोटो काढला. त्यात मधली कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघते आहे.

मी मात्र दिवसभर कामाला जुंपलेली असायची आणि आतून पोखरत चालले होते. हिंगणघाटच्या वणा नदीला पूर आलेला पाहिला, त्याहून मोठं पाणी मी पाहिलं नव्हतं. तुला वडनेरला एकटी टाकायची, बाप आधीच गेलेला. तिकडे दुखलं-खुपलं तर माझं कोण? हे सगळं मनात होतं आणि तोंडावर "बरं" होतं. तू एकदा ज्वारी निवडता निवडता म्हणालीस, "तुले तीन हायेत. एक मले ठेवून जाय." मी तुझ्या अंगावर धावून गेले. लेकरं काय लोणच्याच्या बरण्या आहेत का, असं काहीतरी म्हणाले. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस.

मग डोळ्यांचं निघालं. शाळेची अट होती की साऱ्या कुटुंबाची डॉक्टरी तपासणी व्हावी. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मधलीची पापणी उलटून दाखवली, आत साबुदाण्यासारखे बारीक दाणे. खुपऱ्या. असे डोळे घेऊन बोटीवर चढता येणार नाही, दोन महिने रोज मलम घाला, तिचा पंचा वेगळा ठेवा, आणि काजळ अजिबात बंद. नंतर नागपूरला मोठे डॉक्टर बघतील, त्यांनी दाखला दिला तर ठीक. तू घरी येऊन कुरकुरलीस. "काजळानं कोनाचे डोळे गेले आजलोक? माह्ये गेले?" पण काजळाची डबी उचलून तूच वरच्या फळीवर ठेवलीस. दोन महिने ती खाली आली नाही. मलमाच्या वेळी तूच तिचं डोकं मांडीवर धरायचीस. दाणे कमी होत गेले. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, आता अडणार नाही.

नागपूरला गेलो त्या दिवशी पॅसेंजरमध्येच मधली डोळे चोळायला लागली होती. धूळ, कोळशाचा धूर, आणि जे होतं ते. तिथल्या डॉक्टरांनी थोरल्याला पाहिलं, धाकट्याला पाहिलं, मग तिची पापणी उलटली. डोळा लालभडक. त्यांनी कापसाचा बोळा फिरवला, तो काळा होऊन बाहेर आला. "ये क्या है?" ते म्हणाले. "दो महीने इलाज किसका कर रहे थे?" यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. वर्गात ज्यांच्यापुढे पोरं चळाचळा कापत ते हे खाली मान घालून उभे होते. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, बाकी सगळे ठीक आहेत, हिला सहा महिन्यांनी दाखवा.

घरी आलो. उंबऱ्यातच यांनी विचारलं, "कोणं लावलं?" आणि मी म्हटलं, "मायनं." तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. मीच सगळ्यांत जास्त ओरडले. "तुले पोरगी ठेवून घ्याची होती ना? मुद्दाम केलं तू. आता मन भरलं?" शेजारीण दारात येऊन उभी राहिली तरी माझं तोंड थांबेना. तू चुलीपाशी उभी होतीस. माझ्याकडे पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस. मग पदर डोक्यावर घेऊन यांना म्हणालीस, "म्याच लावलं, जावईबापू. माह्यी चूक झाली."

मला वाटलं होतं, आता सगळं थांबेल. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. तोवर ती आजीजवळ राहील. डोळे बरे झाले की कोणासोबत तरी बोलावून घेऊ." मी "बरं" म्हटलं. हो माय, तेव्हासुद्धा.

निघायच्या आदल्या दिवशी तू तिला वडनेरला घेऊन गेलीस. स्टेशनवर नको, म्हणालीस. तिला सांगितलं होतं की तिची बोट मागून येणार आहे. मोटारीत बसताना तिनं मला हात केला नाही, कारण तिच्या दृष्टीनं त्यात हात करण्यासारखं काही नव्हतं. आफ्रिकेच्या बंदरावर साहेबानं पासपोर्टातला फोटो पाहिला, मग आम्हाला पाहिलं, आणि फोटोतल्या मधलीच्या डोक्यावर बोट ठेवून भुवया वर केल्या. हे इंग्रजीत काहीतरी म्हणाले. साहेबानं शिक्का मारला.

सहा महिन्यांची सात वर्षं झाली. आधी आणणारं कोणी मिळेना, मग चौथ्या खेपेला मी अंथरुणाला खिळले आणि ते मूलही हाती लागलं नाही, मग तुझं पत्र आलं की पोरगी शाळेत रमली आहे. खुपऱ्या तर वर्षाच्या आत गेल्या होत्या. तुला अक्षर येत नव्हतं, तुझी पत्रं वडनेरचे मास्तर लिहायचे आणि माझी तेच वाचून दाखवायचे. तिसऱ्या वर्षी, मूल गेल्यानंतर, मी एक पत्र लिहिलं. त्या पत्राची आजही लाज वाटते. तुझ्या काजळापायी माझी पोरगी माझ्यापासून तुटली, असं त्यात होतं, आणि त्याहून वाईटही होतं. उत्तर आलं ते मास्तरांच्या वळणदार अक्षरात नव्हतं. मोठी, वाकडी, ओळ सोडून चढलेली अक्षरं. "माय म्हणते हो काजळ मीच लावले. माय म्हणते राग धरू नका. पोरगी बरी आहे." तेव्हा कळलं की आता माझी पत्रं तुला कोण वाचून दाखवतं. ते पत्र एका आठ वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचलं होतं. तू तिला मधेच थांबवलंस का गं? की शेवटपर्यंत ऐकलंस?

आता ती सकाळ सांगते. तू ती कोणाला सांगितली नाहीस, म्हणजे माझ्याशिवाय ती कोणाला ठाऊक नाही. तपासणीच्या दिवशी उजाडलं तेव्हा तू मधलीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होतीस. फळीवरची डबी खाली आली होती, उघडी होती, तुझं बोट काळं होतं. मी तांब्या घेऊन दारात आले. तू लपवलं नाहीस, दचकलीही नाहीस. "एक डाव लावू काय वं आज? लय दूर चालले लेकरं. कोनाची नजर लागन. तू नाई म्हन, तं नाई लावत." एवढं सरळ विचारलंस. मी काही बोलले नाही. आत गेले आणि थोरल्याच्या शर्टाची गुंडी लावायला घेतली. ती लागलेलीच होती.

नकळत झालं असं म्हणायची सोय नाही. त्या गुंडीवर बोटं ठेवून मी हिशेबानं विचार करत होते. हिचा दाखला अडला की सगळ्यांचं जाणं अडेल, बोट निघून जाईल, ती शाळा दुसरा मास्तर बघेल, आणि मी इथेच राहीन. मला "मी येत नाही" म्हणता आलं नव्हतं, ते पोरीच्या डोळ्यांनी परस्पर म्हणावं अशी माझी इच्छा होती. नागपूरला तो काळा बोळा पाहून माझा जीव आधी हलका झाला, माय. वाईट नंतर वाटलं. लेकराला ठेवून हे निघतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि जेव्हा निघाले तेव्हा खरं सांगायची वेळ टळून गेली होती, निदान मी तशी समजूत करून घेतली. तू खोटं बोलली नाहीस, काजळ तूच लावलंस. पण "म्या इले विचारलं होतं" हे चार शब्द तू जावयापुढे काढले नाहीस, आणि पुढे पत्रातही घातले नाहीस. माझा संसार मोडू नये म्हणून असेल. किंवा मला खरंच ऐकू आलं नाही, असं तुला वाटलं असेल. हे विचारायला मी परत आले तेव्हा तू नव्हतीस.

तू गेल्यावर आम्ही तिला कोणासोबत तरी बोलावून घेतलं. बारा वर्षांची उंच पोरगी बोटीवरून उतरली आणि मला "तुम्ही" म्हणाली. आपल्याकडे आईला कोण "तुम्ही" म्हणतं? तिच्या लेखी माय तूच होतीस. पोरं तिकडचीच झाली आणि पुढे आणखी लांब गेली, आम्ही दोघं म्हातारपणी नालवाडीला परत आलो, हेही गेले, आणि आता माझं सगळं करायला तीच आहे. तिचं घर वर्ध्यातच आहे, दर रविवारी येते. मागच्या रविवारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. ती सहज म्हणाली, रागानं नाही, "मायनं तेवढं काजळ लावलं नसतं तं मी तुमच्यासंगंच वाढली असती, नाई?" साठीला आलेली बाई, पण डोळ्यांतून अजून पाणी गळतं तिच्या. आणि मी शेंगांवरून मान वर न करता म्हटलं, "हो ना."

त्या "हो ना"मुळे हे लिहायला बसले. तुला पाठवायला पत्ता नाही. घरात ठेवावं तर माझ्या लेकरांत मराठी वाचता येणारी आता ती एकटीच उरली, बाकीच्या दोघांच्या हाती पडलं तर ते किराण्याची यादी समजून फेकतील. दोनदा फाडायला घेतलं, फाडवलं नाही. तोंडानं सांगायची हिंमत मला आजही नाही, माय. उद्या रविवार आहे. भात तीच टाकते, म्हणून हा कागद मी तांदळाच्या डब्यात वरच ठेवणार आहे, आणि ती आली की आंघोळीला जाणार आहे.