पंधरावा पारा

अमरावती
१४ डिसेंबर २०२५

कुलसुम आपा,

सलाम. अकोल्यात थंडी किती, गुडघे काय म्हणतात, तौसीफचं दुकान कसं चाललंय, हे सगळं मी विचारलं असं समजा. इकडे आम्ही दोघं आहोत. तुमच्या भावाची साखर निम्मी आटोक्यात आहे, कारण गुळाचा डबा मी लपवते आणि ते शोधून काढतात. अंगणातल्या लिंबाला यंदा इतकी लिंबं आली की शेजारपाजारचे लोक मला पाहून दार लावून घेतात.

पत्र पाहून तुम्ही दचकला असाल. फोन करता आला असता. पण फोनवर माझी जीभ माझ्याआधी पोहोचते, हे चाळीसव्यानंतरच्या त्या एका फोनमध्ये आपण दोघींनी पाहिलं. कागदावर निदान खोडता येतं. उर्दू मला लिहिता येत नाही, इंग्रजी तुम्हाला वाचता येत नाही. तुम्ही बार्शीटाकळीच्या मराठी शाळेत शिकलात, मी कॉन्व्हेंटमध्ये दुसरी भाषा म्हणून मराठी घेतली. आपल्या दोघींच्या कामाची ही एवढी एकच भाषा आहे.

तुमचा निरोप पोहोचला. पोराची बरसी जानेवारीत. अकोल्याहून बाया गाडी करून येणार, कुराणाचे तीस पारे, तीस सुट्या पुस्तिका, तीसजणींत वाटणार, दुपारपर्यंत खतम, मग दुआ, मग खाना. तुमचे भाऊ हे सांगत होते तेव्हा माझ्याकडे न बघता कॅलेंडरकडे बघत होते.

"आपा म्हणते, संचातला एक पारा सापडून नाही राहिला. पंधरावा. तुझ्याकडे तर नाही ना?"

मी म्हटलं, "मी काय लायब्ररी चालवते?"

त्यांनी कॅलेंडरचं पान सारखं केलं. गेल्या वर्षभरात गप्प बसण्यात त्यांनी बरीच प्रगती केली आहे.

आपा, आधी मला भांडू द्या. माझ्या पोराच्या चाळीसव्याला, तो जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हा, तुम्ही तुमच्या सासूबाईंची ती पत्र्याची पेटी घेऊन आलात. त्यातून पारे काढून पत्ते वाटावेत तसे वाटले. मी तुमच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण तिथे वाचन होतं का ते? माझ्या डाव्या हाताला बसलेली बाई वाचता वाचता सुनेला खुणेने सांगत होती की कुकरची शिट्टी मोज. समोरच्या दोघींत शर्यत लागली होती. "माझा निघाला. तुमचा किती राहिला?" "दोन पानं. तुमचा पातळ होता." पातळ! तीसही पारे सारखेच असतात, हे मलाही ठाऊक आहे, आणि मला तर काहीच ठाऊक नाही असं तुम्ही सगळ्या मानता.

पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं मी साहेबांची पत्रं टाइप केली. सहीच्या आधी साहेब एवढंच विचारायचे, "गजालाबाई, नीट आहे ना?" आणि न वाचता सही करायचे. तसंच वाटलं मला त्या दिवशी. वर पाठवायचा कागद आहे, वाचतोय कोण.

आता खरं सांगते. तुमचा पंधरावा पारा माझ्याकडे आहे. टॉवेलांच्या कपाटात होता. हरवला नव्हता, मी ठेवून घेतला होता. आणि त्या दिवशी तो वाचला गेला नाही. मी पानं उलटत होते, ओठ हलवत होते, सगळ्यांच्या आधी नाही आणि सगळ्यांच्या शेवटीही नाही अशा बेताने मिटला. एकोणतीस पाऱ्यांवर तुम्ही खतम धरला आणि दुआ केली.

वाचता येत नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोटं नाही ते. लहानपणी शिकवणाऱ्या उस्तानीकडे एकदा कुराण पूर्ण केलं होतं, अब्बांनी पेढे वाटले होते, आणि मग शाळा, इंग्रजी, नोकरी. शॉर्टहँडच्या खुणा अजून झोपेत काढीन, पण हे अरबी हरूफ एकमेकांना जोडून आले की मला अनोळखी माणसांसारखे दिसायला लागले. इतरांची इंग्रजी दुरुस्त करत जन्म काढलेल्या बाईने तीस बायांत कसं सांगायचं की मला हे वाचता येत नाही?

पण ते पूर्ण खरंही नाही. आलं असतं तरी मी वाचलं नसतं. ज्याच्याशी माझं बोलणं बंद होतं, त्याची चिठ्ठी मी का वाचू?

पावसाळ्यात एकदा टॉवेल काढताना तो पारा खाली पडला. पडला म्हणून उचलून कपाळाला लावला. एवढी सवय उरली होती. मग परत ठेववेना. दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या दुकानात गेले आणि पोरांचा कायदा मागितला, अलिफ-बे शिकवतो तो. दुकानदाराने विचारलं, "नातीसाठी? किती वर्षांची?" मी म्हटलं, "पाचाची." तो म्हणाला, "मग हा मोठ्या अक्षराचा न्या, खाला." नात मला नाही आणि आता होणारही नाही. मोठ्या अक्षराचा मात्र उपयोग झाला.

तेव्हापासून रोज तुमचे भाऊ पहाटे फजरच्या नमाजाला मशिदीत गेले की मी हातपाय धुऊन वजू करून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते. चहा करून झाकून ठेवते, ठरवलेलं होईपर्यंत घेत नाही. आधी बोट ठेवून अरबी. मग तोच तुकडा इंग्रजी तर्जुम्यात, मग मराठी तर्जुम्यात, पडताळून. कधी अर्धं पान, कधी तीन ओळी. सुरुवातीला चहा पार थंड व्हायचा. पहिले कित्येक दिवस डोळे वाचायचे आणि मी आत दार लावून बसलेली असायचे. काही वाटायचं नाही, आपा. तुम्हा लोकांना लगेच रडू येतं, गार वाटतं, सुकून का काय ते मिळतं. मला फक्त मान दुखायची. तरी बसायचे. न जमणारं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

मग हळूहळू ते मला टोचायला लागलं. आई-बापाला साधं 'उफ'सुद्धा म्हणू नका, असं त्यात आहे. मी एकटीच हसले. माझा पोरगा दिवसातून दहादा म्हणायचा, "उफ, अम्मी, बस!" कधी चष्मा विसरला म्हणून मी बोलायचे, कधी शर्टाच्या कॉलरवरून, कधी लग्नाला हो म्हणत नाही म्हणून. हसता हसता मी टेबलावर डोकं टेकलं. त्याला ते 'उफ' माफ आहे की नाही, हे पान काही सांगेना. मी तर केव्हाच केलं होतं.

आणि पुढे ते गुहेत शेकडो वर्षं झोपलेले तरुण. ते किती होते यावर लोक भांडतात, भांडू नका, असं तिथे सांगितलंय. आपल्याकडे चाळीसव्याला किती माणसं जेवली यावर तुम्ही आणि तुमचे भाऊ दोन दिवस भांडलात.

नवरात्र संपता संपता मी शेवटाशी आले. तिथे हजरत मूसांची गोष्ट आहे. शाळेत सिस्टर फिलोमिना ज्यांना मोझेस म्हणायच्या तेच, पण ही गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. मूसा एका जाणत्या माणसाबरोबर निघतात. तो म्हणतो, तुम्हाला धीर धरवणार नाही; आलात तर मी सांगेपर्यंत काही विचारायचं नाही. मूसा कबूल होतात. तो माणूस गरिबांच्या नावेला भोक पाडतो, मूसा विचारतातच. तो आठवण देतो, मूसा माफी मागतात. पुढे एक मुलगा भेटतो. धडधाकट, कुणाचं काही न बिघडवलेला. तो माणूस त्याला मारून टाकतो. आणि मूसा ओरडतात, एका निष्पाप जिवाला मारलंत? हे फार वाईट केलंत!

आणि आपा, तिथे पंधरावा पारा संपतो. बरोबर तिथेच. पुढे पुठ्ठा.

मी तो पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. माझा एकतीस वर्षांचा, खेळता खेळता पडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याआधी कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं त्याचं. चाळीसव्याला दुआच्या आधी मी तेच विचारलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि तुम्ही, रागावलात की उर्दू सोडून वऱ्हाडीत येता तशा, सगळ्यांदेखत म्हणालात, "दुल्हन, अल्लाले सवाल नाही करत. तो जे करते ते चांगल्यासाठीच करते. गुमान बस."

माझ्या तोंडचा सवाल त्या पुस्तकात आहे, आपा. पैगंबराच्या तोंडी आहे. लोक तो वजू करून, डोकं झाकून, बोट ठेवून वाचतात. कुणी खोडला नाही तो. आणि सोळावा पारा त्या दिवशी तुमच्या हातात होता, माझ्या शेजारी. उत्तर सोळाव्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतं. तुम्ही उत्तर वाचत होता, मी सवाल मांडीवर घेऊन बसले होते, आणि दोघींपैकी एकीलाही ते कळलं नाही. अर्थ ठाऊक असता तर मला गुमान बस म्हणाला नसता. ठाऊक असूनही म्हणाला असाल, तर काहून म्हणालात?

मी तेव्हा काय बोलले ते माझ्या लक्षात आहे. "तुमचा पोरगा बाहेर खुर्च्या लावून राहिलाय, म्हणून तुम्हाला सवाल पडत नाहीत." तौसीफने ते दारातून ऐकलं. त्याचा चेहरा मला दिसला. तौसीफचं नाव मी मागे घेते, हात जोडून घेते. अल्ला त्याला म्हातारा करो. बाकीचं वाक्य मागे घेत नाही. तुम्हालाही सवाल पडायला हवा होता. माझा पोरगा तुमच्याही अंगाखांद्यावर वाढला होता. दर सुट्टीत अकोल्याला यायचा आणि तुमच्या हातच्या भाकरीची स्तुती माझ्यासमोर करायचा, मला चिडवायला. तुम्ही कशा गप्प राहिलात? की तुम्हीही गप्प नव्हताच, फक्त माझ्यासारखं तोंड नव्हतं उघडलंत? हे मला परवा पहिल्यांदा सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

उत्तर मी वाचलं. तर्जुम्यात पुढचं पान उलटायला काय लागतं? तो जाणता माणूस त्या मुलाचं कारण सांगतो, की तो पुढे आई-बापाला छळणार होता, त्यांना त्याच्याहून चांगला देण्याचं ठरलं होतं. मला ते पटलं नाही. म्हणजे त्या मुलाचं असेल खरं. माझा तसा नव्हता. माझं कारण मला कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी सांगणारही नाही. पुस्तक मिटलं, चहा ओतून दिला. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा पंधराव्याच्या पहिल्या पानावर जाऊन बसले. तेव्हापासून तेच चाललंय. पहिल्यापासून त्या सवालापर्यंत येते आणि परत पहिल्यापासून. भांडण आहेच, पण अबोला राहिला नाही. या वयात हाही फरक मला कळतो.

एक गोष्ट मी तुमच्या भावालाही सांगितलेली नाही. वर्ष होत आलं, मी पोरासाठी एकदाही दुआ मागितलेली नाही. लोक आले, त्यांनी हात उचलले, मी ओढणी सावरत राहिले. कबरस्तानात बाया जात नाहीत याचं मला दफनाच्या दिवशी बरंच वाटलं. आईने मागितली नाही, आपा. सगळ्या मोहल्ल्याने मागितली आणि आईनेच नाही. मागायची म्हणजे, नेलंस ते कबूल असं म्हणायचं. ते माझ्याने होत नाही. रोज पारा मिटला की हात मांडीवरून थोडे वर येतात आणि तिथेच राहतात.

बरसी करा. बाया येऊ द्यात, कुकर वाजू द्यात, मी कुणाला काही बोलणार नाही; बोलले तर तुम्ही मला चिमटा काढा. पण त्याआधी एकदा तुम्ही एकट्या या. सोळावा घेऊन या. मी पंधरावा माझ्या चालीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन, अडखळत वाचीन, मधे किती राहिला विचारायचं नाही. मी थांबले की तुम्ही सुरू करा. तुमचा आवाज चांगला आहे, हे मी कधी म्हटलं नाही. ते उत्तर मला एकटीने ऐकवत नाही. तुमच्या आवाजात कदाचित हात उचलले जातील. नाहीच उचलले, तर तुम्ही उचला. मी आमीन म्हणेन. तेवढं जमेल असं वाटतं.

सकाळच्या गाडीने निघा आणि बडनेऱ्याला उतरा. स्टेशनातून बाहेर पडलं की ते मैदान लागतं, जिथे तो पडला. वर्षभर मी त्या बाजूला फिरकलेली नाही. कुणी जायचं म्हटलं की मला काम निघतं. तुमच्या भावाला पाठवणार नाही. घ्यायला मी येईन.

सरफराजची अम्मी,
गजाला