पडद्यावरचा रवा

शुब्रा, कैरो
ईदनंतरचा शुक्रवार

आदरणीय तहियाताई,

धाकट्या मेव्हण्याचा, शुकरीचा, सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? अलेक्झांड्रियाची दमट हवा त्यांना सोसत नाही असं तुम्ही दरवर्षी म्हणता आणि ती सोडून कुठे हलत नाही, तेव्हा सोसत असावी. मी ठणठणीत आहे. (माझ्या लेकीला, नरमीनला विचारलंत तर ती नाही म्हणेल. मनावर घेऊ नका, ती हल्ली नवऱ्याच्या पक्षात आहे.)

तर त्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या तामेरने, टीव्ही आणलाय. टीव्ही कसला, भिंतच. आत घ्यायला दाराची एक फळी उतरवावी लागली. मला म्हणतो, "काका, यात माणसाच्या नाकावरची भोकंसुद्धा दिसतात!" आता बघा, मी उभं आयुष्य कॅमेऱ्यामागे घालवलं ते नट्यांच्या नाकावरची भोकं दिसू नयेत म्हणून दिवे सरकवण्यात, आणि या माणसाने ती हौसेने घरी आणली. मुलीच्या घरी राहणाऱ्या बापाने फार बोलू नये, हे मी इथे आल्याबरोबर शिकलो. (शिकवलं गेलं म्हणा.)

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमचा तो ट्रामचा चित्रपट लागायचा होता. तुम्हाला आठवतच असेल, कारण त्यात तुम्ही आहात. म्हणजे तुमची पाठ आहे. रम्ल स्टेशनवर गर्दीसाठी ठरवलेली माणसं आलीच नाहीत, तेव्हा दिग्दर्शकाने रस्त्यात दिसेल त्याला ट्राममध्ये चढवलं, तुम्हा दोघी बहिणींनाही. तुम्ही वडिलांच्या धाकाने तोंड फिरवलंत. इनायतने नाही फिरवलं. ट्राम सुटते, नायिका रडते (फारच वाईट रडते), आणि तिच्या खांद्यामागे खिडकीत इनायत माझ्याकडे बघून हसते. तेव्हा आमचं लग्नही ठरलं नव्हतं. सूर्य बुडालेला, जनरेटर बंद पडलेला, निर्माता नावाचा इसम छाती बडवत होता. मी कमी उजेडात चालणारी फिल्म चढवली आणि लॅबवाल्याला सांगितलं की रसायनात जरा जास्त वेळ राहू दे. चित्र आलं, पण रवाळ आलं, बारीक ठिपक्यांनी भरलेलं. त्या रव्यातच ती आहे. फोटो आहेत घरात, पण हलणारी, हसणारी इनायत माझ्यापाशी एवढीच.

सगळे जमले. काहक बिस्किटांची ताटं, करकदेचं लाल सरबत, आणि मधोमध सोफ्यावर आमच्या विहीणबाई. चित्रपट सुरू झाला न झाला तोच म्हणतात, "अगं बाई, या पडद्यावर मुंग्या कशा चालतायत? तामेर, गच्चीवर जाऊन अँटेना हलव बरं!" तामेर म्हणाला, "अँटेनाचं नाही गं आई, जुन्या फिल्मवरची घाण आहे. एका बटणात जाईल." घाण! ताई, तूप रवाळ असलं तर याच विहीणबाई बोट चाटतात आणि दुकानदाराला दुवा देतात. चित्र रवाळ असलं तर घाण?

त्याने बटण दाबलं. नायिकेचा चेहरा असा झाला जणू कुणी तिच्यावरून इस्त्री फिरवलीय. नायकाची दाढी गेली. ट्राम साबणाची वडी दिसू लागली. आणि खिडकी आली, ताई. तिथे सोललेलं अंडं होतं. नाक नाही, डोळे नाहीत, हसू नाही.

मी ओरडलो. टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. विहीणबाईंच्या मांडीवर सरबत सांडलं (याचं दुःख मी आवरतं घेतलंय). तामेर पोरगा वाईट नाही, लगेच म्हणाला, "चुकलं काका. बंद केलं बघा, आता आहे तसंच दिसेल," आणि टीव्हीने साठवून ठेवलेला चित्रपट मागे नेऊन तोच प्रसंग पुन्हा लावला. पुन्हा अंडं! मी म्हटलं, खोटं बोलतोस, बंद केलेलं नाहीस. नरमीन म्हणाली, "बाबा, दिसतेय की आई. हसतेय बघा ना." विहीणबाई म्हणाल्या, "मुंग्या परत आल्या वाटतं." म्हणजे बघा, तिघांनी कसं संगनमत केलंय! तेव्हापासून मी त्या खोलीत पाय ठेवलेला नाही. जेवण स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी घेतो. माझी हयात ज्या कामात गेली ते एका बटणाने पुसलं, आणि वर मलाच वेडा ठरवतात.

तुम्ही मोठ्या आहात. तामेरला चार खरमरीत शब्द लिहा, एवढंच मागणं.

आपला,
शुकरी

ता. क. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर ती शाई खराब आहे.

ता. क. दुसरा. चष्मा बदलायचाय असं सांगून तामेरने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणतो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. मी त्याला सांगितलं की मी यंत्राशिवाय, नुसत्या नजरेने उजेड मोजणारा माणूस आहे. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही दवाखान्याचं दार हातांनी चाचपत मोजून आलात, तेच खूप आहे."

ता. क. शेवटचा. ऑपरेशनला मी अजून हो म्हटलेलं नाही. सुरीला भीत नाही मी. डोळे लख्ख होतील, आणि खिडकीत तरीही अंडंच असलं तर? मग दोष कुणाला द्यायचा? म्हणून तुम्ही या. गुडघे घेऊन या. त्या भिंतीसमोर बसा आणि मला खरं सांगा, ती हसतेय का. हो म्हणालात तर मी दुसऱ्याच दिवशी डोळे कापून घेतो. येताय हे नरमीनला मात्र कळवू नका. बापाचं मन राखायला ती तुम्हालाही पढवून ठेवेल.