संत्र्यावरची पृथ्वी

ट्रॉम्सो, नॉर्वे

तीर्थरूप बाबांना अपर्णाचा दुरून नमस्कार.

मी बरी आहे. घर उबदार आहे, यांची नोकरी नीट चालू आहे. तुम्ही दोन शब्द बोलून फोन आईकडे देता, म्हणून लिहून राहिली.

इथं सध्या सूर्य उगवत नाही. मोहगावच्या शाळेत तुम्ही शिकवलं, अगदी तसंच. आपल्या बगीच्यातल्या संत्र्यावर पेनानं रेघा मारून तुम्ही पृथ्वी करायचे, टॉर्चसमोर तिरपी धरायचे अन् सांगायचे, "पाहा, या टोकावर हिवाळ्यात उजेडच पोचत नाही." मी तिथंच बोट ठेवून म्हणायची, मले इथं जायचं आहे. तुम्ही खूश व्हायचे.

बारावीनंतर मी नागपूरले भूगोल शिकायले निघाली, तेव्हा तुम्हीच म्हणाले, "पोरीच्या जातीले नागपूर दूर पडते." दोन-अडीच तासांची बस, बाबा. लग्न करून इतक्या दूर धाडताना मात्र तुम्हाले अंतर दिसलं नाही. त्या टोकावर मी आली खरी, पण यांच्या सामानासंगं.

आईचे गुडघे कसे आहेत? संत्र्याचा तोडा झाला का?

वैभवदादाच्या पोरीले, हिमानीले, पुढच्या वर्षी नागपूरले शिकायचं आहे, अन् तुम्ही पुन्हा तेच बोलून राहिले, असं आई म्हणाली. तिलेही तुम्ही संत्र्यावरच जग शिकवलं ना? मग तिले सौंसरहून नागपूरच्या बसमध्ये बसवून द्या. ते होत नसेल, तर घरातल्या पोरींच्या हाती ते संत्रं देऊ नका.

तब्येतीले जपा.

तुमची,
अपर्णा