अप्पांची वेळ

१२ मार्च
शिकवणी बंद. फळ्यावर गणित सोडवताना कानाशी अप्पांचं "चूक!" आलं आणि मी मुलांसमोर मोठ्यांदा म्हणाले, "कुठं चुकलंय? दाखवा!" माझ्या वडिलांना, अप्पांना, जाऊन बारा वर्षं झाली. साठेबाई मुलीला घेऊन जाताना म्हणाल्या, "बाई, जरा विश्रांती घ्या." म्हणजे एव्हाना सगळ्या सोसायटीला कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुलं हवीत मला. मुलांशिवाय हे घर खायला उठतं.

१९ मार्च
डॉ.ची गोळी चालूच. शिवाय आता दर आठवड्याला समुपदेशक मेधाताईंकडे जाऊन नुसतं बोलायचं. आवाज खरा की भास, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "येत कधी नाही?"
आठवून पाहिलं. दुपारी जेवणानंतर कधीच नाही! हसूच फुटलं. ना. पेठेतल्या दोन खोल्या, अप्पांची वामकुक्षी, एक ते चार संचारबंदी. आवाज नको म्हणून आम्ही बहिणी गोधडीवर सागरगोटे खेळायचो. उठले की चहा, मग पावकी-निमकीचे पाढे. चुकलं की टपली, पण हात डोक्यावर तसाच राहायचा. काय दिवस होते ते...
माणूस गेला तरी झोपेची वेळ पाळतोय. अस्सल पुणेकर.

२६ मार्च
मेधाताई : मग तुम्हीच त्यांना वेळ ठरवून द्या.
"मी? अप्पांना?"
"तुमचं वय काय हो आता?"
बासष्ट.
रात्री मंदारचा फोन. "आई, भुताशी गप्पा मारायला शिकवतात का तिथं?" म्हटलं, हो, मुलाशी बोलण्यापेक्षा सोपं जातं. रागावला. रागावू दे.

२ एप्रिल
भाजी निवडताना "चूक!" धीर करून म्हटलं, "अप्पा, आत्ता नाही. पाचला या, चहाला." लहानपणी असं बोलले असते तर...
पाचला आले! विचारलं, सारखं चूक चूक का करता हो? म्हणाले, "तुला कुणी हसू नये म्हणून." मी खूप रडले.

१६ एप्रिल
साठेबाईंची मुलगी आली. "बाई, आईनं पाठवलंय. अपूर्णांक जमत नाहीत." तासभर शिकवलं. मध्ये एकदाही काही नाही. उद्या आणखी दोघी येतील म्हणाली.
ती गेल्यावर चहा टाकला. पाच वाजले. साडेपाच झाले. मेधाताई खूश होतील. मलाही हेच तर हवं होतं.
दुसऱ्या कपावर बशी झाकून ठेवलीय. अप्पा, अहो...