बोगद्यातला चौकोनी कोपरा

हायरम स्टॅनब्रो बोटीवरून, ईरी सरोवर
२८ सप्टेंबर १९९१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र परवा डेट्रॉइटला चालत्या बोटीवर बादलीतून वर आलं. टपालहोडीवाल्याने दोरीला असा हिसका दिला की निम्मी नदी बादलीत. शाई पसरली, तरी ‘मुदपाकखाना’ एवढं वाचता आलं. बाबा, कितीदा सांगू, मला तिथे बदली नको. सहा वर्षं मी बोटीच्या तळातल्या बोगद्यात आहे. वर कोठारात साठ हजार टन लोहखनिजाच्या गोळ्या, खाली मी नि माल वाहणारे माझे सरकते पट्टे. कोठाराच्या तळाची दारं मी उघडते, गोळ्या पट्ट्यावर मी सोडते. बायकांनी कांदेच चिरावेत असं तुमच्या मनात असलं तर ते मनातच राहू द्या.

तक्रार आहे ती वेगळीच. काल ओहायोत नऊ तासांत बोट रिकामी. आमचा म्हातारा आचारी सांगतो, पूर्वी काठावरच्या यारीने माल उपसायला दोन-दोन दिवस लागत, माणसं घरी जाऊन, दाढ्या करून, बायकोशी भांडून परत येत. मी बूट घालून शिडीपर्यंत पोचते तोवर दोर सुटलेले असतात. हे नऊ तासांचं यंत्र नकाशावर कुणी काढलं ते ठाऊक आहे ना? तुम्हीच. आठवड्यातून दोनदा नदीतून तुमच्या ओसरीसमोरून जाते, हाक ऐकू जाईल इतक्या जवळून, पण मेपासून उंबरा ओलांडलेला नाही. बरं, समुद्रावर पळून जावं, तर ही हजार फुटांची बया समुद्राकडे जाणाऱ्या कालव्यात मावत नाही. इथेच जन्मली, इथेच मरणार. नाव बाप्याचं, पण नशीब बाईचं.

रेडिओफोन करू नका. शेजारच्या ओपल ट्रॉम्बलीबाईंकडे बोटींवरची बोलणी ऐकायचं यंत्र आहे. गेल्या खेपेला तुमच्या बद्धकोष्ठावर चर्चमध्ये तिघींनी एकमेकींना उपाय सुचवले.

लोभ आहेच, तो दुर्बिणीतून कमी नि पत्रातून जास्त दाखवावा.
तुमची,
लिडी

मरीन सिटी
३ ऑक्टोबर १९९१

चि. लिडीस,
अनेक आशीर्वाद.

कांद्याबद्दल जे लिहिलंस ते वाचलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरीने तोंड बापाचं घेतलं नि नाक माझं.

आता नीट वाच. बोटीच्या अंगावर पुढे, मध्ये नि मागे ती किती बुडाली त्याचे आकडे असतात. तू काल गेलीस तेव्हा नेहमीसारखे दुर्बिणीतून वाचले. भरलेली बोट मध्ये जरा वाकतेच, जाड पाहुणा बसला की खाट वाकते तशी. तुझी बोट तेरा वर्षं चार इंच वाकते. गेल्या महिन्यात पाच झाले, काल सहा. लाटेने फसवलं असेल म्हणून तीनदा वाचले. सहाच.

एक काम कर. बोगद्याच्या मधोमध, दारांचे दांडे जिथून जातात, तिथे छताच्या लांब तुळयांना खाचा आहेत. त्या खाचांच्या कोपऱ्यांवर विजेरी मारून बघ. आधी रंग खरवड. कुणाला काही बोलू नकोस.

ओपलबाईंनी मटारचं सूप दिलं. मीठ विसरल्या, मीही विसरल्याचं दाखवलं.

काळजी घे, म्हणजे माझीही घेतल्यासारखी होईल.
तुझा,
बाबा

हायरम स्टॅनब्रो, ह्यूरन सरोवर
१२ ऑक्टोबर १९९१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बघितलं. नवव्या दाराशी, खाचेच्या कोपऱ्यातून चीर निघाली आहे, माझ्या बोटाएवढी. तिच्या टोकाशी मी खडूने रेघ मारून ठेवली. पहिल्या मेटला, कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्याला, दाखवली. तो म्हणाला की चिरा प्रत्येक बोटीला असतात, म्हाताऱ्याला सुरकुत्या असतात तशा. जानेवारीत बोट धक्क्याला लागली की डाग देऊन सांधू. अजून दहा खेपा आहेत.

आता तिथे खालून जाताना मी मान आत ओढून घेते. गोळ्या सुटल्या की अख्खा बोगदा घुमतो नि मला वाटतं, आलंच वर बसलेलं सगळं अंगावर. बाहेर पडायचं दार तीनशे फुटांवर आहे. रात्री झोप लागत नाही.

पण एक विचारू का? बोटीत हजारो कोपरे आहेत. दुर्बिणीतून बोट वाकलेली दिसेल, कोपरा कसा दिसला? चीर कुठे असेल ते तुम्हांला कसं ठाऊक?

उत्तर मिळावं, आशीर्वाद नंतर दिलेत तरी चालतील.
लिडी

मरीन सिटी
१७ ऑक्टोबर १९९१

चि. लिडीस,
अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत बरी नाही. डेट्रॉइटला टपालहोडीतून खाली उतर. बाप आजारी आहे म्हणून सांग. काल बोट साडेसहा इंच वाकली होती.

ये.
बाबा

हायरम स्टॅनब्रो, डेट्रॉइट नदी
१ नोव्हेंबर १९९१

ती. बाबांस,
नमस्कार.

तुम्ही आजारी नाही. मीच रेडिओवरून ओपलबाईंना विचारलं. म्हणाल्या, काल ओसरीच्या छपरावर चढून पन्हळ साफ करत होते. आता साऱ्या नदीला कळलं की तुमची पन्हळ स्वच्छ आहे.

चीर खडूच्या रेघेपुढे चार बोटं गेली. सहाव्या नि अकराव्या दाराशी नव्या दिसल्या. मी मेटला डावलून थेट कॅप्टन मॅकिल्व्हेनकडे गेले. माणूस वाईट नाही. स्वतः खाली आला, गुडघ्यावर बसून बघितलं. मग तुमच्या आकड्यांचं सांगितलं. तो म्हणाला, “तुझ्या बापाचे डोळे म्हणजे कागद नव्हे. तीन चिरांवर कंपनी बोट थांबवणार नाही. ही बांधणीतलीच चूक आहे असा कागद आण, मी आत्ता नांगर टाकतो.”

सोमवारी रिकाम्या बोटीने वर जाताना डेट्रॉइटला असू. त्यानंतर सुपीरियर सरोवर, तेही वादळांच्या नोव्हेंबरातलं. मी एकटी उतरले तर माझ्या जागी तो एकोणीस वर्षांचा कॉर्विन खाली जाईल. मला ते जमणार नाही. म्हणजे मी अडकले. तुम्हांला काही ठाऊक असेल तर लिहा.

वाट बघते आहे.
लिडी

मरीन सिटी
४ नोव्हेंबर १९९१

चि. लिडीस,

आशीर्वाद देण्याच्या लायकीचा असेन तर दिले आहेत.

त्या खाचा मी काढल्या. सतरा वर्षं झाली. कोपरा गोल हवा हे नकाशे काढणाऱ्या पोराटोरालाही कळतं. कापड जसं खिशाच्या कोपऱ्यातून फाटतं, तसंच पोलाद. पण कोपरा गोल केला की दार दोन इंच कमी उघडायचं आणि बोट रिकामी व्हायला दहा तास लागायचे. करारात नऊ होते. मी चौकोनी केला आणि समासात लिहिलं की वर जोडपट्टी बसवावी. पुढे वजन वाचवायला पट्टी गाळली गेली. पट्टी नसलेल्या त्या दुसऱ्या नकाशावर सही माझी आहे. मला मुख्य नकाशाकार व्हायचं होतं. झालो. घरी भिंतीवर तुझ्या बोटीचं चित्र कोरलेली पितळी पाटी आहे, ती त्याचीच.

एक तास, लिडी. तू म्हणतेस ना, बूट घालेपर्यंत दोर सुटतात, तो तास मी चोरला.

तुला बोगद्यात काम मिळालं तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडेना. म्हणून मुदपाकखान्याची रट लावली. बायकांनी कांदे चिरावेत असं माझ्या मनात कधी नव्हतं. तू त्या कोपऱ्यांखाली नसावीस, एवढंच होतं.

सोबत दोन्ही नकाशांच्या माझ्याकडच्या प्रती, तेरा वर्षांच्या आकड्यांची वही आणि सहीचा कबुलीजबाब आहे. कॅप्टनना दे. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून बसने डेट्रॉइटला जाऊन स्वतः होडीत बसणार आहे. बादलीत माझ्या हाताने ठेवीन.

लोभ मागत नाही.
अल्फॉन्स वेरहूल

पोर्ट ह्यूरन
१३ नोव्हेंबर १९९१

ती. बाबांस,

दोरी मीच ओढली. खाली होडीत तुम्ही टोपी काढून उभे होतात, मान वर करून बोटीकडे बघत. किती लहान दिसत होतात. मी हात हलवला. काय वर ओढतेय ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर हलवला असता की नाही, सांगता येत नाही.

कॅप्टनने पत्र उभ्यानेच वाचलं आणि त्याच दिवशी बोट इथे आणून धक्क्याला लावली. तपासनीस आले. खाचांच्या बावीस कोपऱ्यांपैकी चौदा फाटलेले निघाले. त्यांतला एक म्हणाला, अशी भरलेली बोट मोठ्या लाटेवर मधोमध मोडते आणि बोगद्यातल्याला कळायलाही वेळ मिळत नाही. शुक्रवारी सुपीरियरवर वादळ झालं. आम्ही त्यात नव्हतो.

अठ्ठावीस माणसं नाताळाच्या तोंडावर घरी बसली. मेट माझ्याशी बोलत नाही. कॉर्विन बोलतो. तुमच्या नावाची चौकशी लागेल असं कॅप्टन म्हणाला. पाटीही परत मागतील. द्या.

आता माझं. सहा वर्षं, बाबा. मला ती नोकरी लागली तेव्हा तुम्ही केक कापला होता. आईच्या सुरीने. तुम्हांला ठाऊक होतं आणि तुम्ही मला तुकडा वाढलात. आठ दिवस मी एवढ्या एकाच गोष्टीवर जळते आहे. जळणं संपलेलं नाही. लगेच संपेल असं समजू नका. पण बोगद्यात मेले असते तर तुमच्यावर चिडायलाही उरले नसते, हेही खरं आहे. आणि तुम्ही बसमध्ये बसलात. ओपलबाई सांगतात की दोन वर्षांत तुम्ही फाटकाबाहेर पडला नव्हता.

मी उद्या येते. भांडायला येते आहे, पाहुणी म्हणून नाही. केक नको. पर्च मासे तळा, मीठ घाला. दुर्बीण पेटीत ठेवा नि खिडकीत उभे राहू नका, मी नदीने येत नाहीये. दार उघडं ठेवा. या खेपेला माझ्याकडे भरपूर वेळ आहे.

तुमची,
लिडी