पांढऱ्या दगडावर लिंबू
सुरत, गुरुवार, ऑगस्ट १९९४

ओट्याच्या संगमरवरावर लिंबाचा डाग पडतो, तितक्याच पांढऱ्या गारगोटीवर पडत नाही. असे का? आज भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हेच दाखवायचे होते आणि नेमकी आम्लाची बाटली रिकामी.

खानदेशातल्या माग-कामगाराची मुलगी सुनंदा म्हणाली, "सर, मला पांढरे दगड सगळे सारखेच. उद्या विषय बदलते."

"आज एक तरी दगड ओळखून दाखव," मी म्हणालो.

तिने डब्यातली लिंबाची फोड काढली. "माय सोडा ताजा आहे का, ते असंच बघते." ट्रेमधल्या एका दगडावर पिळली; काहीच नाही. मग तिनेच खिळ्याने दगड खरवडून भुकटीवर पिळली. बुडबुडे! किती सरळ विचार. मला सुचला नव्हता.

"मग, विषय बदलायचा?"

"आधी हा ट्रे संपवू द्या, सर."

कोणीही पाहावे: पांढरा खडा खिळ्याने खरवडून भुकटीवर लिंबू पिळावे. फसफसले तर तो संगमरवरासारखा चुन्याचा दगड; गारगोटी फसफसत नाही.